सांगलीच्या घरात वर्षभर दमटपणा कसा सांभाळायचा : नवीन एसी घेतलेल्यांसाठी

ऑगस्टमधली रात्र, बाहेर बारीक पाऊस, एसी २४ वर लावलाय, खोली गार आहे आणि तरी अंगाखालची चादर ओलसर लागतेय, सकाळी उठून कपाट उघडावं तर चामडी चपलेवर पांढरा भुरा आलेला. नवीन एसी घेतलेले माझ्या ओळखीतले बरेच जण पहिल्या पावसाळ्यात हीच तक्रार घेऊन येतात आणि सगळ्यांचं म्हणणं एकच, एसीत काहीतरी प्रॉब्लेम आहे. बहुतेक वेळा एसी ठणठणीत असतो. आपण त्याला थंडीचं काम सांगितलेलं असतं आणि आपला त्रास असतो पाण्याचा.

विचार करून बघा, त्या रात्री बाहेरच २३-२४ डिग्री असतं. बंद खोली फार तर २७. एसी दहा-पंधरा मिनिटांत २४ गाठतो, मग कॉम्प्रेसर, म्हणजे बाहेरच्या युनिटमधलं गारवा करणारं यंत्र, बंद होतो किंवा अगदी मंद चालतो, आणि कॉम्प्रेसर थांबला की हवेतलं पाणी काढणंही थांबतं. खोली गार झाली पण पाणी जवळजवळ तेवढंच राहिलं, म्हणून ती गुहेसारखी थंड आणि ओली लागते. २४ हा आकडाही आपण निवडलेला नसतो बरं का, २०२० पासून स्टार लेबलवाले एसी चालू केले की २४ वरच सुरू होतात, ब्यूरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी या सरकारी संस्थेचा तसा नियम आहे. नियम वीज वाचवण्यासाठी आहे आणि चांगलाच आहे, पण तो आकडा आपल्या पावसाळ्याकडं बघून ठरवलेला नाही.

मी विश्रामबागला राहतो, तिसरा मजला, वर स्लॅब. आईला दम्याचा त्रास आहे, त्यामुळं गेली सहा वर्षं तिच्या खोलीतला दमटपणा मी रोज रात्री बघतो, वहीत लिहून ठेवतो, आणि त्यातून जे कळलं ते इथं क्रमानं सांगतोय. शिराळ्याकडं पाऊस जास्त, जत-आटपाडीकडं हवा कोरडी, तेव्हा आकडे थोडे मागंपुढं होतील, पद्धत तीच राहील.

आधी एकदाच थोडं गणित

हे वाचल्याशिवाय पुढं जाऊ नका, कारण खिडकी उघडायची की एसी लावायचा हे सगळं यावरच ठरतं. मोबाईलवर जो ह्युमिडिटीचा टक्का दिसतो तो किती पाणी आहे हे सांगत नाही, त्या तापमानाला हवेत जेवढं पाणी मावू शकतं त्यातलं किती भरलंय ते सांगतो. आणि गरम हवेत पाणी जास्त मावतं. एक घनमीटर हवा धरा, म्हणजे साधारण एका लोखंडी कपाटाएवढी जागा. ४० डिग्रीला त्यात जास्तीत जास्त ५१ ग्रॅम पाणी वाफ होऊन राहू शकतं, २५ डिग्रीला २३ ग्रॅम आणि १४ डिग्रीला फक्त १२ ग्रॅम.

आता आपल्याकडच्या तीन वेळा घ्या. मे महिन्यातली दुपार, ४० डिग्री आणि ह्युमिडिटी २० टक्के, म्हणजे पाणी झालं १० ग्रॅम. डिसेंबरची पहाट, १४ डिग्री आणि ९० टक्के, म्हणजे पाणी ११ ग्रॅम. जुलैची रात्र, २५ डिग्री आणि ८८ टक्के, पाणी २० ग्रॅम. बघा, मे ची भाजणारी दुपार आणि डिसेंबरची धुक्याची पहाट यांच्या हवेत पाणी जवळजवळ सारखंच आहे, फक्त टक्का वेगळा दिसतोय. खरा पाण्याचा मोसम एकच, पावसाळा, आणि त्यात हवेत दुप्पट पाणी असतं.

यातून एक गोष्ट लगेच कळते. डिसेंबरमधे मोबाईल ९० टक्के दाखवतो म्हणून खिडक्या लावून बसू नका, ती हवा घरात येऊन २५ डिग्रीला गरम झाली की ४५-५० टक्क्यांवर येते, म्हणजे घर कोरडंच होतं. पण जुलैत पाऊस थांबला, वारं सुटलं, चला खिडक्या उघडू म्हणजे घर वाळेल असं जे आपण पिढ्यान् पिढ्या करत आलोय त्यात वास जातो, बरं वाटतं, ओल मात्र जात नाही, कारण आत जेवढं पाणी आहे तेवढंच बाहेर आहे.

मीटर घ्या आणि तो खरं बोलतो का ते तपासा

तापमान आणि ह्युमिडिटी दाखवणारा छोटा डिजिटल मीटर काही शे रुपयांत मिळतो. एसीच्या झोतात ठेवायचा नाही, खिडकीत नाही, बाहेरच्या भिंतीला टेकवून नाही. उशाच्या उंचीला, खोलीच्या आतल्या बाजूच्या भिंतीजवळ.

हे स्वस्तातले मीटर पाच-सात टक्के इकडंतिकडं दाखवतात, म्हणून आणल्या आणल्या मिठाची परीक्षा घ्या. बाटलीच्या झाकणात साधं मीठ भरायचं, त्यावर थेंब थेंब पाणी टाकायचं, इतकंच की मीठ ओल्या वाळूसारखं व्हावं, वर पाणी तरंगता कामा नये. ते झाकण आणि मीटर एका झिपच्या पिशवीत किंवा घट्ट झाकणाच्या डब्यात शेजारी शेजारी ठेवायचे, मीटरला मीठ लागू द्यायचं नाही, डबा बंद करून रात्रभर सोडून द्यायचा. ओल्या मिठाशेजारच्या बंद हवेची ह्युमिडिटी ७५ टक्क्यांवर जाऊन थांबते, आपल्या रोजच्या तापमानाला हा आकडा हलत नाही. सकाळी मीटर ७० दाखवत असेल तर तो पाच कमी दाखवतो, मागं चिकटपट्टीवर अधिक पाच लिहून लावून टाकायचं. आमच्या तीन मीटरपैकी एक तर नऊ टक्क्यांनी कमी दाखवत होता, म्हणजे मी ६० बघून निवांत झोपत होतो आणि खोलीत ६९ होतं.

पाहिजे किती? ४० ते ६० च्या मधे. ६० च्या वर बरेच दिवस राहिलं की बुरशीला रान मोकळं, आणि गाद्या-उशांत राहणारे डस्ट माइट नावाचे डोळ्यांना न दिसणारे किडे तर ५० च्या वरच वाढायला लागतात, दम्याच्या आणि ॲलर्जीच्या माणसाला त्यांचा फार त्रास. पण सांगलीच्या जुलैमधे ५० चा हट्ट धरू नका, बिल येईल आणि हाती काही लागणार नाही. ५५ ते ६० पुष्कळ झालं.

मीटर यायच्या आधी घरच सांगत असतं म्हणा. मीठ पाघळलं, काडेपेटी सादळली, बाथरूमचं दार फुगून घासायला लागलं, धुतलेल्या कपड्यांना कुबट वास यायला लागला, की समजायचं ७० च्या वर गेलं.

घरातलं पाणी येतं कुठून

एसीला हात लावायच्या आधी हे बघा, कारण आपणच पाणी ओतत राहायचं आणि एसीनं काढत राहायचं यात पैसा वाया जातो. सगळ्यात मोठा गुन्हेगार म्हणजे घरात वाळत घातलेले कपडे. मशीनमधून पिळून काढलेल्या एका धुण्यात अजून दोनेक लिटर पाणी असतं, ते वाळतात म्हणजे ते पाणी तुमच्या हॉलच्या हवेत जातं. मग अंघोळीची वाफ, भाताचा कुकर, फरशी पुसणं, मत्स्यालय, आणि झोपलेली माणसं, एक माणूस तासाला ४०-५० ग्रॅम पाणी नुसत्या श्वासातनं आणि अंगातनं सोडतो. बाथरूमचा एक्झॉस्ट अंघोळीनंतर वीस मिनिटं चालू ठेवा आणि बाथरूमचं दार लावा. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट कुकर चढवतानाच लावायचा, भिंतीला घाम सुटल्यावर लावून उपयोग नाही.

आणि भिंतीत ओल असेल, स्लॅब गळत असेल, वरच्या मजल्याच्या बाथरूमचा पाइप पाझरत असेल तर एसी हा त्यावरचा इलाज नाही. आधी धाब्याचं वॉटरप्रूफिंग. कडक उन्हाळ्यात, पाऊस यायच्या महिनाभर आधी. एसी हवेतलं पाणी काढतो, भिंतीत रोज नवं पाणी येत असेल तर तो फक्त दमतो.

मार्च ते मे : कूलर, एसी आणि कोरडेपणा

या दिवसांत दुपारची ह्युमिडिटी २०-२५ टक्क्यांवर येते आणि हीच कूलरची खरी वेळ. कूलर हवेत पाणी सोडून गारवा करतो, हवा जितकी कोरडी तितका तो चांगला चालतो, पण त्याला समोरची खिडकी उघडी लागते नाहीतर तासाभरात खोली चिकट होते. आणि कृपा करून कूलर आणि एसी एकाच खोलीत एकावेळी लावू नका. हे मी डोळ्यांनी बघितलंय, एसी लवकर गार करेल म्हणून सोबत कूलर. कूलर पाणी हवेत टाकतो, एसी तेच पाणी गोठ्यातल्या शेणासारखं परत उचलून बाहेर टाकतो, दोन्हींची वीज तुमच्या मीटरवर.

एसी लावणार असाल तर कूल मोडवर २६, सिलिंग फॅन दोनवर, बास. मे महिन्यात ड्राय मोडची, म्हणजे ओल काढायच्या सेटिंगची, काही गरज नाही. ४० डिग्रीची ती २० टक्क्यांची हवा २५ ला आली की आपोआप ४५ टक्क्यांच्या आसपास जाते, म्हणजे सुरुवात मुळात बरी असते, पण एसी रात्रभर चालला की ३५ वर येतं आणि घसा कोरडा पडतो, ओठ फुटतात. आईला सकाळी कोरडा खोकला यायचा तो यामुळंच. त्यावर महागडा ह्युमिडिफायर घ्यायला जाऊ नका, संध्याकाळी धुतलेले एक-दोन टॉवेल त्या खोलीत दोरीवर टाका. जुलैत जे कपडे आपले वैरी असतात तेच एप्रिलमधे कामाला येतात. नुसतं वाटीत पाणी ठेवून मात्र फारसा फरक पडत नाही, वाटीचं तोंडच केवढं.

ज्यांच्या घरी मिरजेचा तंबोरा किंवा सतार आहे त्यांनी एक जपा, वाद्य एसीच्या झोतासमोर ठेवायचं नाही. भोपळा आणि लाकूड एकदम कोरडं पडलं की तडा जातो, आणि रोज रात्री कोरडं, दिवसा दमट असं झालं की सूर टिकत नाही. गवसणी घालून आतल्या भिंतीजवळ, पन्नासच्या आसपास.

याच दिवसांत वळीव येतो. माझ्या मामांचा तासगावकडं बेदाण्याचा शेड आहे, रॅकवर द्राक्षं वाळत घातलेली असतात आणि आभाळ भरून आलं की घरातलं कुणी जेवत नाही, कारण पाऊस शेडमधे आला नाही तरी नुसत्या दमट हवेनं बेदाणा काळा पडतो. मामा हवेत हात फिरवून सांगतात आज वाळणार का नाही. माझ्या मीटरपेक्षा त्यांचा हात जुना आणि पक्का. वळीव झालेल्या संध्याकाळी ह्युमिडिटी तासाभरात २५ वरनं ७५-८० वर जाते, तेव्हा कूलर बंद करा आणि रात्रीपुरता एसी लावा, दुसऱ्या दिवशी दुपारी परत कूलर.

जून ते सप्टेंबर : ड्राय मोड

खरं काम इथं आहे. रिमोटवर पाण्याच्या थेंबाचं चित्र असतं तो ड्राय मोड. यात आतला पंखा मंद फिरतो आणि कॉम्प्रेसर ठरावीक वेळ चालू-बंद होत राहतो. पंखा मंद असल्यामुळं हवा गार कॉइलवरनं, म्हणजे आतल्या युनिटमधल्या थंड नळ्यांच्या जाळीवरनं, सावकाश जाते, कॉइल जास्त थंड राहते आणि थंडीच्या मानानं पाणी जास्त निघतं. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरनं घाम येतो तसाच कॉइलला येतो, तोच घाम ड्रेन पाइपमधनं बाहेर पडतो. किती पडतो ते एकदा स्वतः बघा. मी बाल्कनीत पाइपचं टोक बादलीत सोडलं आणि मापट्यानं मोजलं, जुलैच्या एका रात्रीत एक टनच्या एसीतनं, खोलीत तिघं झोपलेले असताना, पावणेचार लिटर पाणी निघालं. मे मधल्या एका रात्री त्याच पाइपमधनं जेमतेम तांब्याभर. हे पाणी झाडांना घाला, फरशीला वापरा, पण प्यायचं नाही आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीतही टाकायचं नाही, कॉइलवरची धूळ त्यात उतरलेली असते.

आमच्याकडं पावसाळ्यात रात्री काय करतो ते सांगतो. जेवणं झाली की नऊच्या सुमाराला खोलीतले ओले कपडे, ओला टॉवेल बाहेर, खिडक्या बंद, बाथरूमचं दार बंद, दाराखाली फट असेल तर पायपुसणं सरकवायचं. ड्राय मोड लावायचा आणि खोलीतनं बाहेर यायचं. दीड तासानं मीटर बघायचा. पहिल्या आठवड्यात दीड तासात ८० चं ६८ च होईल, निराश होऊ नका, गादी, उशा, पुस्तकं, पडदे यांनी महिनाभर पाणी पिऊन ठेवलेलं असतं आणि हवा कोरडी झाली की ते सगळे पाणी परत सोडायला लागतात. चार-पाच दिवस रोज लावल्यावर तोच दीड तास पुरतो आणि ५८ ला येतं. तिथनं पुढं झोपताना कूल मोडवर २६ आणि एसीचा पंखा सगळ्यात कमी, किंवा आईला थंडी वाजत असेल तर ड्राय मोड तासाच्या टायमरवर आणि अंगावर वाकळ. सकाळी उठल्यावर दहा मिनिटं दार उघडायचं, बंद खोलीतली शिळी हवा जायला पाहिजे.

काही गोष्टी रिमोट सांगत नाही, त्या लक्षात ठेवा.

एसी बंद केल्यावर नुसता फॅन मोड चालू ठेवायचा नाही. कॉइल ओलीचिंब असते, पंखा ते सगळं पाणी परत खोलीत उडवतो. मी मीटर हातात धरून बघितलं, वीस मिनिटांत ५६ चं ६६. मग म्हणाल कॉइल ओली राहून वास येतो त्याचं काय, तर ते वाळवणं गरजेचंच आहे, त्यासाठी ऑटो क्लीनचं बटण असतं, पण ते रात्री झोपताना नाही, सकाळी दार-खिडकी उघडून लावायचं.

१८ वर लावून हुडहुडी भरेपर्यंत गार करायचं नाही. आपल्या पावसाळ्यातली बाहेरची हवा २२-२३ डिग्रीच्या खालच्या कुठल्याही वस्तूला लागली की तिथं दव पडतं. रात्रभर १८ वर गार केलेली फरशी, आरसा, देवाच्या तसबिरीची काच, कपाटाचं पत्र्याचं दार, सकाळी दार उघडलं की सगळ्याला घाम. बुरशी नेमकी तिथंच धरते. आणि खोली खूप गार झाली की ड्राय मोडही जवळजवळ काम करत नाही, कॉइलवर बर्फ धरू नये म्हणून मशीन स्वतःच थांबत राहतं.

गरजेपेक्षा मोठा एसी घेऊ नका. दहा बाय बाराच्या खोलीला दुकानदार दीड टन गळ्यात मारतो, तो पावसाळ्यात पाच मिनिटांत गार करून थांबतो आणि पाणी तसंच. घेतलाच असेल तर त्याला पंखा कमी ठेवून ड्राय मोडवरच चालवा. नवीन घेणार असाल तर इन्व्हर्टर एसी बघा, त्याचा कॉम्प्रेसर मंद गतीनं बराच वेळ चालतो आणि ओल काढायला बराच वेळ चालणंच महत्त्वाचं आहे.

एका एसीनं अख्खा फ्लॅट कोरडा करायला जाऊ नका, दारं उघडी टाकली की कुठलीच खोली धड वाळत नाही. त्यापेक्षा घरात एकच कोरडी खोली करा. आमच्याकडं आईची खोली ती. पावसाळ्याचे चार महिने घराची कागदपत्रं, लोकरीचे कपडे, कॅमेरा, चामडी पर्स, पैठणी, औषधं, सगळं तिथल्या कपाटात. आठवड्यातनं दोनदा दुपारी ड्राय मोड लावून कपाटाची दारं सताड उघडायची, नाहीतर खोली ५८ आणि कपाटाच्या आत ७५ असं होतं. कपाट बाहेरच्या भिंतीपासनं चार बोटं पुढं ओढा, मागं हवा खेळली पाहिजे. धुणं वाळवायचंच असेल तर हॉलमधे न टाकता दिवसा याच खोलीत, ड्राय मोड आणि सिलिंग फॅन लावून, दोन-तीन तासांत वाळतं आणि वास राहत नाही.

ज्या कपाटाला एसी मिळणार नाही तिथं कॅल्शियम क्लोराइडचे ओलावा शोषणारे डबे ठेवा, त्यात पाणी साठलेलं दिसतं, भरलं की बदलायचे, लहान मुलांपासनं लांब. डांबराच्या गोळ्या आणि कडुलिंबाचा पाला कसर लागू नये म्हणून ठीक, ओल एक थेंबही कमी करत नाहीत. पापड-कुरडया घट्ट झाकणाच्या डब्यात, त्यांना दुसरा उपाय नाही.

बिलाचं म्हणाल तर ड्राय मोडला कूल मोडपेक्षा साधारणपणे कमी वीज लागते, पण लागते. महावितरणच्या बिलात ३०० युनिटच्या वर गेलं की पुढचा दर बराच चढा, म्हणून मी महिन्यातनं दोनदा वीज मीटरचं रीडिंग बघतो आणि दीड तासाचा एक करतो. एसी नसेल आणि फक्त ओलीचाच त्रास असेल तर वेगळा डिह्युमिडिफायर मिळतो, तळमजल्याला आणि अडगळीच्या खोलीला तो उत्तम, फक्त त्याची उष्णता खोलीतच राहते, झोपायच्या खोलीत नकोसा होतो.

पुराचं पाणी शिरलेलं घर

हे मला मनापासून सांगायचंय कारण २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर आपण सगळ्यांनी बघितलेत. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ म्हणजे धोका, २०१९ ला पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं होतं. घरात पाणी येऊन गेल्यावर पहिली गोष्ट, बाहेरचं युनिट बुडालं असेल तर मेकॅनिकनं उघडून बघितल्याशिवाय एसीचा स्विच दाबायचा नाही, वायरिंगही इलेक्ट्रिशियनकडनं तपासून. दुसरी गोष्ट, गाळ धुतल्यावर लगेच दारं बंद करून एसी लावू नका. ओली फरशी आणि भिंती असताना एवढं पाणी निघत असतं की एसीला ते झेपत नाही, तेव्हा सगळं उघडं आणि पंखे जोरात. आठ-पंधरा दिवसांनी भिंत हाताला वरनं कोरडी लागायला लागली की मग बंद खोलीत ड्राय मोड.

पण आतली वीट वाळायला महिने लागतात. गावभागात आमच्या काकांनी २०१९ ला दिवाळीच्या आधी हौसेनं प्लास्टिक पेंट काढून घेतला, घर छान दिसलं, पुढच्या पावसाळ्याआधीच रंगाला फुगे आले, खाली सगळा लोणा. भिंतीतलं पाणी बाहेर पडायची वाटच बंद झाली होती. एक उन्हाळा पूर्ण जाऊ द्या, तोवर चुना मारा, चुन्यातनं भिंत श्वास घेते.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी

ऑक्टोबर हिटमधे एसी थंडीसाठी लागतो, ओलीसाठी नाही, पाऊस गेल्यावर दोन-तीन आठवड्यांत ह्युमिडिटी उतरते. दिवाळीच्या साफसफाईत गाद्या, उशा, चपला, बॅगा गच्चीवर उन्हात टाकायची जी पद्धत आहे ती अगदी बरोबर वेळेला आहे, चार महिन्यांची ओल दोन दुपारच्या उन्हात निघते आणि फुकट निघते.

थंडीत एसी बंद. सकाळी नऊच्या पुढं खिडक्या उघडा, आधी सांगितलेलं डिसेंबरचं गणित आठवा. या दिवसांत खोलीत ओल वाटलीच तर ती आतनंच येतेय, गरम पाण्याची अंघोळ आणि बंद खिडक्या. आमच्याकडं याच काळात गळीत हंगाम असतो, उसाचं पाचट पेटवलं की काळे कण उडून बाल्कनीत येतात, तेच बाहेरच्या युनिटवर बसतात. युनिटला प्लास्टिकमधे गच्च गुंडाळून ठेवू नका, आत दव धरून पत्रा गंजतो, वरनं झाकलं तरी पुरे.

फेब्रुवारीत सर्व्हिसिंग करून घ्या, मार्चमधे मेकॅनिक मिळत नाहीत. फिल्टर तर आपणच दर पंधरा दिवसांनी नळाखाली धुवायचा, धुळीनं भरलेला फिल्टर असला की कॉइलवर बर्फ धरतो आणि मग तेच पाणी आतनं भिंतीवर उतरतं. तांब्याच्या पाइपवरचा काळा फोम कुठं फाटलाय का तेही बघा, उघड्या गार पाइपला घाम येऊन भिंतीत डाग पडतो आणि आपण स्लॅबला दोष देतो.

आणि ड्रेन पाइप. आमच्या पहिल्या एसीला फिटिंग करणाऱ्यानं पाइप मधेच वर चढवून खाली नेला होता. उन्हाळाभर कळलं नाही, कारण पाणीच निघत नव्हतं. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात रात्री दोन वाजता आईच्या अंगावर पाणी टपकायला लागलं. फिटिंगवाला म्हणाला हवा दमट आहे, होतं असं. दुसऱ्याला बोलावून पाइप सरळ उतरता करून घेतला, तेव्हापासनं एक थेंब नाही. म्हणून सर्व्हिसिंगला माणूस आला की त्याच्यासमोरच, आतल्या युनिटचं झाकण उघडलेलं असताना, कॉइलखालच्या ट्रेमधे हळूहळू तांब्याभर पाणी ओतायला सांगा आणि तुम्ही बाल्कनीत पाइपच्या टोकाशी जाऊन उभे राहा. पाणी धार धरून लगेच आलं पाहिजे. अडखळत आलं, थांबून थांबून आलं किंवा शेवाळाचा चिकट गोळा बाहेर पडला, तर फुंकून, धुऊन पाइप मोकळा करून घ्या, परत तांब्याभर ओता, आणि धार नीट आल्याशिवाय त्याला पैसे देऊ नका.